दोन एचपीचा कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पुन्हा उचलत नाही. ही मशीन आतून चालते तरी कशी?

बंडीवाला | ६ ऑगस्ट, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात. शेती आहे आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये सुतारकी. पोळा जवळ आला की तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करतो. यंदा चाळीस नंदी सांगून झालेत. आजवर ब्रशनेच रंगवले. मागच्या डिसेंबरात अमरावतीच्या एका बंद पडलेल्या गॅरेजातून जुना कॉम्प्रेसर उचलला. २ एचपी, सिंगल फेज, १०० लिटरची टाकी, पट्ट्यावर चालणारा. पंपाच्या पट्टीवर ८ सीएफएम (मिनिटाला आठ घनफूट हवा) लिहिलंय. स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, पण वापरायचा कसा ते सांगायला सोबत कोणी आलं नाही.

आता तक्रारी. टाकी रिकामी असली की मोटर झटक्यात सुरू होते, पण टाकीत आठ किलो दाब भरायला चौदा-पंधरा मिनिटं घेते. आठला आपोआप बंद होते. रंगाची गन चालवता चालवता काटा साडेपाचवर आला की पुन्हा सुरू व्हायला हवी, तर नुसती 'ग्गूंऽऽ' करत बसते, पुली हलत नाही, घरातले दिवे मंद होतात. एकदा कंडेन्सर फुगला, तो बदलला. संध्याकाळी हा त्रास जास्त. शिवाय गनमधून रंगासोबत पाण्याचे शिंतोडे उडतात. सहा नंदींच्या पाठीवर फोड उठल्यासारखे डाग पडलेत.

मिस्तरी म्हणतो मोटर गेली, नवी टाका. त्याआधी हे यंत्र मला समजून घ्यायचंय. शाळेत बॉइलचा नियम पाठ केला होता, पण तो या टाकीत कुठं बसलाय ते दिसत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | ६ ऑगस्ट, रात्री ९:४८

भाऊ, मोटर बदलू नोका आत्ताच. आमच्या गावातल्या मिस्तरीले कायबी दाखवा, 'मोटर गेली' म्हन्ते. मिक्सर दाखवला तरी तेच. रिकाम्या टाकीवर उचलते म्हन्ता तं मोटर जिती हाय ना बाप्पा! काहून पैसे घालता? जुनाफिटर काका येतीनच, ते सांगतीन बराबर. मी खुर्ची घेऊन बसलो.

जुनाफिटर | ७ ऑगस्ट, सकाळी ६:०५

आलो. जिनिंगमध्ये मेंटेनन्सला एकतीस वर्षं काढली, म्हणून चार गोष्टी आधी विचारतो. उत्तरं आली की बोलू.

आठ किलोला मशीन बंद होते त्या क्षणी 'फुस्स' असा छोटा आवाज येतो का? हवा आत घेणारा फिल्टर शेवटचा कधी उघडला? मशीनला वीज कुठून घेतली, वायर किती लांब आणि किती जाड? आणि टाकीच्या पोटाखालचा कॉक कधी सोडला होता?

बंडीवाला | ७ ऑगस्ट, सकाळी ७:३०

काका, फुस्स आवाज अजिबात येत नाही. गुपचूप बंद होते. मला तर तो चांगुलपणा वाटला होता, कुठं लिकेज नाही म्हणून.

फिल्टर कधीच उघडला नाही. वायर घरातल्या बोर्डापासून शेडपर्यंत साधारण चाळीस मीटर, दीड एमएमची. आणि कॉक? कुठला कॉक?

वऱ्हाडी_ठेचा | ७ ऑगस्ट, सकाळी ७:३४

"कुठला कॉक" 😄 भाऊ, डिसेंबरपासून पानी साठवून राहिले तुमी.

जुनाफिटर | ७ ऑगस्ट, सकाळी १०:१५

बसा, सविस्तर लिहितो. आज पावसाने कुठं जाणं नाही.

सायकलचा पंप डोळ्यापुढे आणा. दांडा वर ओढला की हवा आत, खाली दाबला की ट्यूबमध्ये. कॉम्प्रेसर म्हणजे तोच पंप, फक्त दांडा ओढायला मोटर आणि ट्यूबच्या जागी लोखंडी टाकी. पिस्टन खाली गेला की सिलिंडरमध्ये पोकळी होते, बाहेरची हवा हेडमधली (सिलिंडरवरच्या झाकणातली) स्टीलची पातळ पट्टी ढकलून आत येते. पिस्टन वर आला की ती पट्टी आपटून बंद होते आणि दुसरी उघडते. या पट्ट्यांना आम्ही रीड म्हणतो. पत्त्यापेक्षा फार जाड नसतात आणि मिनिटाला सात-आठशे वेळा उघडझाप करतात. त्यांना कॅम नाही, टायमिंग नाही. ज्या बाजूला दाब जास्त, तिकडून त्या उघडतात.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. बाहेर नेणारी पट्टी पिस्टन वर निघाल्याबरोबर उघडत नाही. सिलिंडरमधली हवा टाकीतल्या हवेपेक्षा जास्त दाबाची झाली तरच उघडते. टाकी रिकामी असेल तर लगेच, टाकीत सात किलो असेल तर पिस्टन जवळजवळ टोकाला गेल्यावर. त्यात टोकाला थोडी जागा उरतेच, तिथली दाबलेली हवा बाहेर न पडता परत फुगते आणि तेवढी नवी हवा आत येत नाही. म्हणून पहिले चार किलो भरभर भरतात आणि शेवटचे दोन रडत. तुमच्या बॉइलसाहेबांचं घर तिथं, सिलिंडरमध्ये.

आता हेडमधून निघालेली गरम हवा तांब्याच्या नळीतून टाकीकडे जाते. टाकीच्या तोंडाशी पितळी एनआरव्ही असतो. हवा आत जाऊ देतो, परत येऊ देत नाही. टाकीवर काळा डबा दिसतो ना, तो प्रेशर स्विच. आत एक पडदा, वर स्प्रिंग. आठ किलोला पडदा स्प्रिंगला हरवतो, खटका पडतो, मोटर बंद. साडेपाचला स्प्रिंग जिंकते, मोटर सुरू.

आणि आता तुमचं दुखणं. मोटर बंद होते तेव्हा हेडपासून एनआरव्हीपर्यंतच्या नळीत आठ किलोची हवा कोंडून राहते, पिस्टनच्या डोक्यावर बसते. बैल चालती बंडी चढावर नेतो, पण भरली बंडी चढावर उभी केली आणि मग हाक मारली तर त्याचा जीव जातो. सिंगल फेज मोटरचं तसंच आहे. सुरू होताना तिच्यात जोर कमी. म्हणून प्रेशर स्विचच्या बाजूला एक बारकी पिन असते, तिला अनलोडर म्हणतात. खटका पडला की ती दाबली जाते आणि नळीत कोंडलेली हवा बाहेर सोडते. तो फुस्स आवाज म्हणजे बंडी सपाटीवर आणून ठेवणं. तुमच्याकडे तो आवाजच नाही.

एनआरव्हीपासून प्रेशर स्विचकडे पेन्सिलपेक्षा बारीक नळी जाते का बघा. तिचं काय झालंय ते सांगा.

शाळामास्तरीण | ७ ऑगस्ट, दुपारी १:४०

जुनाफिटर काकांना +१. मी वणीकडे आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. आकडेमोड मी करून ठेवते.

१०० लिटरच्या टाकीत आठ किलो दाब म्हणजे बाहेरची साधारण ८०० लिटर हवा आत कोंबायची. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, तेव्हा ८ सीएफएम म्हणजे मिनिटाला सव्वादोनशे लिटर. पण हा आकडा पिस्टन किती जागा झाडून काढतो याचा. प्रत्यक्ष टाकीत पडते त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे मिनिटाला दीडशे लिटर. भागाकार केला की साडेपाच मिनिटं येतात. तुम्हाला पंधरा लागतात. अर्ध्याहून जास्त हवा कुठंतरी अडते किंवा गळते आहे.

दुसरं, पाणी. ३० अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ धरते. आत्ता श्रावणात दमटपणा ८० टक्के धरला तर २४ ग्रॅम. ती हवा दाबून नवव्या हिश्शात (बाहेरच्या हवेचा एक किलो आणि वरचे आठ) बसवली आणि टाकीत गार झाली की तिला साडेतीन ग्रॅमच्या आसपासच धरता येतात. उरलेले वीस ग्रॅम टाकीच्या तळाशी. दिवसभर रंगकाम करून आठ हजार लिटर हवा ओढली तर दीडशे ग्रॅमहून जास्त पाणी, म्हणजे मोठा कपभर. मे महिन्यात ४२ अंशाला दमटपणा १५ टक्के असेल तर हाच हिशेब केल्यावर जवळजवळ काहीच उरत नाही. तुम्ही हिवाळ्यात घेतला, उन्हाळ्यात वापरला, पाणी दिसलं नाही. आता दिसतंय. मशीन बिघडली म्हणून नव्हे, पाऊस लागला म्हणून.

आणि एक, बॉइलच्या नियमात तापमान तेच राहतं अशी अट आहे. इथं राहत नाही. ३० अंशाची हवा एका दमात आठ किलोपर्यंत दाबली तर कागदावर २९० अंश येतात. सिलिंडरवरचे पातळ फिन आणि पुलीचा वारा बरीच उष्णता काढून नेतात म्हणून तेवढी होत नाही, तरी हेडला हात लावून पाहू नका.

चौकस_चंद्रपूर | ७ ऑगस्ट, दुपारी ३:१०

एवढी भानगड कशाला? माझ्या मेहुण्याने जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि रिकामं गॅस सिलिंडर जोडून घरीच बनवलाय. आवाज पण नाही.

जुनाफिटर | ७ ऑगस्ट, दुपारी ३:३२

मेहुण्याला सांगा आजच सोडव. फ्रिजचा डबा हवा देतो थोडी, बाहेर तेल फेकतो, तासभर चालवला की तापतो. त्याचं एक वेळ चालेल. पण स्वयंपाकाच्या गॅसचं सिलिंडर टाकी म्हणून नाही. त्याला खाली निचऱ्याचा कॉक नाही, पाणी आतच सडणार. मेहुण्याने सेफ्टी व्हॉल्व्ह लावलाय का विचारा.

शंभर लिटरच्या टाकीच्या एका टोपीचा व्यास फूटभर धरा. आठ किलो दाबाला त्या टोपीवर साडेपाच टनांहून जास्त जोर असतो. मशीन गप्प उभी असतानाही असतो. म्हणून टाकी म्हटलं की मी गंमत करत नाही.

चौकस_चंद्रपूर | ७ ऑगस्ट, दुपारी ३:५०

साडेपाच टन?? फोन लावतो त्याला.

पेंटर_बाप्पू | ७ ऑगस्ट, रात्री ८:२५

मी मूर्तिजापूरला गाड्या रंगवतो, ट्रॉल्यापण. डाग दोन प्रकारचे असतात. फोड उठल्यासारखा, दाबला तर ओलसर, तो पाण्याचा. आणि मधोमध खड्डा, भोवती रिंगण, माशाच्या डोळ्यासारखा, तो तेलाचा. तुमचा कुठला?

पाण्यासाठी लोक फिल्टरची काचेची बाटली टाकीला चिकटूनच लावतात आणि म्हणतात पाणी येतंच आहे. अरे, तिथं हवा गरम असते, पाणी वाफ होऊन बाटलीतून निघून जातं आणि पाइपात गार होऊन गनमध्ये पडतं. मी आठ-दहा मीटर पाइप आधी जाऊ देतो, मग बाटली. पाइप भिंतीवरून न्यायचा तर टाकीकडे थोडा उतार द्यायचा आणि गनकडची जोडणी पाइपाच्या वरच्या अंगाने काढायची. पाणी खालून वाहतं, वर चढत नाही. आणि पाइप जीआयचा, पीव्हीसीचा नको. पाण्याला तो चालतो, पण हवेचा दाब घेऊन पीव्हीसी तडकला की काचेसारखे तुकडे उडतात. एकदा पाहिलंय, भिंतीत घुसले होते.

नंदीला गन किती किलोवर चालवता?

बंडीवाला | ७ ऑगस्ट, रात्री ९:०५

डाग पाण्याचे आहेत. गन अडीच-तीन किलोवर चालवतो.

बाकी आज जे केलं ते सांगतो.

फिल्टर उघडला. आत स्पंजाची चकती असायला हवी होती, तिथं कापसाची गादी निघाली! खरंच. शेडच्या मागेच आमचा कापूस साठवतो, डिसेंबर-जानेवारीत घर भरलेलं असतं. वर सोयाबीनच्या भुश्शाचा थर. चिमटीने ओढला तर नमद्यासारखा एकसंध निघाला. दारव्ह्याहून नवा स्पंज आणला आणि रिकाम्या टाकीवर घड्याळ लावलं: सहा मिनिटं वीस सेकंद.

कॉक सापडला. टाकीखाली हात घालून चाचपडावं लागलं. मातीने इतका गच्च होता की पान्याने फिरवला. आधी खोकल्यासारखी हवा आली आणि मग पाणी. पाच लिटरच्या कॅनमध्ये धरलं, साडेतीन लिटर भरलं. रंग काव कालवल्यासारखा तांबूस.

आणि ती बारीक नळी. काका, ती आहे, पण मधोमध पक्कडीने चपटी केलेली आणि वर एमसील थापलेलं. जुन्या मालकाचं काम दिसतं.

जुनाफिटर | ७ ऑगस्ट, रात्री ९:४०

आता आलं ध्यानात. त्या माणसाने उगाच नाही चपटी केली. त्याची हवा तिथून सारखी गळत असणार, म्हणून त्याने घसाच आवळला.

विचार करा. मोटर बंद झाल्यावर पिन उघडी असते. एनआरव्ही नीट बसत असेल तर फक्त नळीतली चमचाभर हवा निघते आणि आवाज दोन सेकंदात थांबतो. एनआरव्ही गळत असेल तर टाकीतली हवा उलटी त्या नळीत येते आणि पिनेतून निघतच राहते. लोक म्हणतात प्रेशर स्विच खराब. बदलतात. पुन्हा तेच. स्विच बिचारा नाहक बदनाम होतो.

नवी नळी टाका. आवाज थांबला नाही तर टाकी पूर्ण रिकामी करून, प्लग काढून, एनआरव्ही उघडा. टाकीत हवा असताना तो पितळी नट हलवायचा नाही. गेजवर शून्य दिसलं तरी कॉक उघडा ठेवूनच हात घाला. गेज खोटं बोलतात.

बंडीवाला | ९ ऑगस्ट, दुपारी १२:१५

तसंच झालं. नवी नळी टाकली, आठला बंद झाल्यावर फुस्सऽऽऽऽ सुरू आणि थांबेचना. दहा मिनिटांत काटा पाचवर.

एनआरव्ही उघडला. आत स्प्रिंग, तिच्याखाली बटणाएवढी काळी चकती. ती जिथं टेकते त्या पितळी कडेवर काळ्या पापुद्र्याचे खडे चिकटलेले, नखाने निघेनात. चकतीवर त्यांचा ठसा उमटून खड्डा पडलेला. कडा रॉकेलने धुऊ का?

जुनाफिटर | ९ ऑगस्ट, दुपारी १२:२२

थांबा! रॉकेल-पेट्रोल काही नको. उरलेला अंश गरम हवेच्या वाटेत जातो. साबणाचं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी. ब्लेडने खरवडू नका, कडेला ओरखडा पडला तर ती पुन्हा कधीच बसणार नाही. चकती सपाट असेल आणि मागची बाजू कोरी असेल तर उलटी करून टाका, काम भागेल. नवी मिळाली की बदला.

तो काळा पापुद्रा म्हणजे जळलेलं तेल. तेल कोणतं टाकता?

बंडीवाला | ९ ऑगस्ट, दुपारी २:५०

उलटी करून बसवली. दोन सेकंद फुस्स आणि मग शांत! साडेपाचला मोटर एका दमात उचलली. पाच वेळा मुद्दाम बंद-चालू करून पाहिली. बाबा म्हणाले आता मशीनशी खेळतो का रंग मारतो.

तेल मोटारसायकलचं टाकलं होतं. उरलेलं होतं घरात.

वऱ्हाडी_ठेचा | ९ ऑगस्ट, दुपारी ३:०२

मी बी तेच टाकतो, पाच वर्षं झाले, काई होत नाई.

जुनाफिटर | ९ ऑगस्ट, दुपारी ३:२०

होतं, दिसत नाही. इंजिनाच्या तेलात काजळी आणि पाणी पोटात धरून ठेवायची द्रव्यं मिसळलेली असतात. तिथं ती लागतात. इथं पाणी खाली बसून निघून जायला हवं, तर तेल ते धरून दुधाळ होतं. आणि पिस्टनच्या रिंगांजवळून जे थोडं वर चढतं ते गरम हेडमध्ये भाजून रीडवर, नळीत, एनआरव्हीत पापुद्रे धरतं. कॉम्प्रेसरचं तेल म्हणून शंभर ग्रेडचं वेगळं मिळतं, लिटरभर पुष्कळ. पंपावरच्या तेल दाखवणाऱ्या काचेच्या डोळ्यात लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंत, वर नाही. जास्त भरलं तर तेच तेल नंदीच्या पाठीवर माशाचे डोळे काढेल. ठेचाभाऊ, तुमचा एनआरव्ही उघडून फोटो टाका, मग बोलू.

वऱ्हाडी_ठेचा | ९ ऑगस्ट, सायंकाळी ६:४५

उघडला. फोटो नाई टाकत. तेल आनाले सांगतलं पोट्ट्याले.

बंडीवाला | ९ ऑगस्ट, रात्री ८:१०

दिवसा सगळं झकास. पण आत्ता सात वाजता पुन्हा गुरगुरली. मीटर लावून पाहिलं, बोर्डावर १८५ व्होल्ट.

शाळामास्तरीण | ९ ऑगस्ट, रात्री ८:५५

व्होल्टेज कमी झालं की मोटरचा जोर त्याच प्रमाणात नव्हे, वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. १८५ भागिले २३० म्हणजे ०.८, त्याचा वर्ग ०.६५. तिसरा हिस्सा ताकद गेली. आणि हे बोर्डावर. शेडमध्ये अजून कमी. दीड एमएमची तांब्याची चाळीस मीटर वायर, जाऊन-येऊन ऐंशी, तिचा रोध जवळजवळ एक ओहम. दोन एचपीची मोटर उचलताना पन्नासेक अँपिअर ओढते. तेवढ्या क्षणापुरते पन्नास व्होल्ट वायरीतच जातात. मोटरला उरले १३५. चार एमएमची वायर टाकली तर हेच नुकसान वीस व्होल्टच्या आत येतं.

जुनाफिटर | ९ ऑगस्ट, रात्री ९:१५

बाई, तुमच्यासारखं कोणी आम्हाला आयटीआयला असतं तर.

डीपीवर संध्याकाळी सगळ्या गावाचा लोड, त्याला आपण काय करणार. वायर मात्र बदला. आणि गनला तीन किलो लागतात तर टाकी आठपर्यंत न्यायची कशाला? प्रेशर स्विचचं झाकण काढा, आधी प्लग काढून. मधल्या मोठ्या स्प्रिंगचा नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा आणि काटा बघा, सहाला बंद होईल असं करा. मोटरवरचा भार कमी, हेडची उष्णता कमी. ट्रॉलीच्या टायरात हवा भरायची वेळ आली तर पुन्हा आवळता येतो. तो नट आठच्या वर मात्र कधी न्यायचा नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला हातच लावायचा नाही. महिन्यातून एकदा त्याची कडी ओढून पाहा, फट्टकन हवा सुटली पाहिजे.

पट्टाही बघा. मधोमध अंगठ्याने दाबला तर अर्धा इंच दबला पाहिजे. फिरताना पुलीचा वारा सिलिंडरवर यायला हवा, मोटरच्या आतल्या स्टार्टिंग वाइंडिंगच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर वारा दुसरीकडे जातो आणि पंप भाजत राहतो. पुलीवर बाण असतो.

आता ज्याची मला पहिल्या दिवसापासून काळजी आहे ते. साडेतीन लिटर तांबडं पाणी. ते पाणी महिनोन्महिने त्या पत्र्याला चाटत होतं. तुमच्या आधीच्या मालकाचे महिने वेगळेच. टाकीवर कंपनीची पट्टी आहे का, साल दिसतं का?

बंडीवाला | १० ऑगस्ट, सकाळी ७:५०

पट्टी आहे, पण वर तीनदा रंग मारलेला. खरवडली, आकडे गेलेत. हातोडीने ठोकून पाहिलं, वर टणटण, पोटाखाली आवाज जरा बोदा वाटतो. की माझ्या मनाचे खेळ?

जुनाफिटर | १० ऑगस्ट, सकाळी ८:२०

ठोकणं बंद करा आणि टाकी रिकामी ठेवा. नंदी राहू द्या दोन दिवस. हायड्रो टेस्ट करून घ्या. टाकी काठोकाठ पाण्याने भरायची, हवेचा बुडबुडा शिल्लक ठेवायचा नाही, आणि हातपंपाने बारा किलोपर्यंत दाब द्यायचा, म्हणजे कामाच्या दीडपट. यवतमाळच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्यांकडे पंप असतो, विचारा.

चौकस_चंद्रपूर | १० ऑगस्ट, सकाळी ९:०५

पाण्यानेच का? हवा भरून साबणाचा फेस लावला की भोक दिसेल ना?

शाळामास्तरीण | १० ऑगस्ट, सकाळी ९:३०

कारण पाणी जवळजवळ दबत नाही. दाब दिला तरी त्यात साठून काही राहत नाही, पत्रा फाटला तर धार लागते आणि दाब लगेच शून्य. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबून बसते. शंभर लिटर टाकीत आठ किलोला साठलेली ऊर्जा सुमारे एक लाख जूल. दोन टनांचा ट्रॅक्टर पाच मीटर वर उचलायला लागते तेवढी. ती एका क्षणात सुटली तर जवळ उभ्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको.

हा विषय निघालाच आहे तर, मळणीनंतर अंगावरचा भुसा या हवेने उडवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पोरं तर एकमेकांवर गंमत म्हणून मारतात. डोळ्यात, कानात, जखमेत हवा घुसली की कायमचं नुकसान होतं, आणि शरीरात गेली तर जीव जातो. कृपा करून कोणी करू नका.

पेंटर_बाप्पू | १० ऑगस्ट, सकाळी ११:००

हे बरोबर. माझ्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगतो, गन धरायला नंतर शिकवतो.

बंडीवाला | १३ ऑगस्ट, रात्री ८:३०

आज टेस्ट झाली. पंप आणि मोटर घरी उतरवून नुसती टाकी पिकअपमध्ये टाकून यवतमाळला नेली. एक भोक सोडून बाकी बंद केली, पाणी भरलं, दुकानातल्या माणसाने दांडा मारायला सुरुवात केली. सहा, सात, आठ. काही नाही. मला वाटलं उगाच एक दिवस घालवला. नऊला तो थांबला, टाकीखाली बॅटरी मारली आणि म्हणाला, "या, पाहा."

कॉकपासून चार बोटांवर, पोटाच्या अगदी तळाशी, पत्र्याला घाम फुटला होता. टिपूस टिपूस. त्याने अजून दोनदा दांडा मारला तर त्यातल्या एका टिपसातून केसाएवढी धार निघाली आणि जमिनीवर वीतभर लांब जाऊन पडली. काटा खाली आला. बस. आवाजसुद्धा झाला नाही.

मी कालपर्यंत याच टाकीला टेकून उभा राहून नंदी रंगवत होतो.

वऱ्हाडी_ठेचा | १३ ऑगस्ट, रात्री ८:३६

बाप्पा...

चौकस_चंद्रपूर | १३ ऑगस्ट, रात्री ९:१०

मेहुण्याने सिलिंडर सोडवलं आज. आत्ताच फोन आला.

पेंटर_बाप्पू | १३ ऑगस्ट, रात्री ९:२५

वेल्डिंगचं ठिगळ मारून देतो म्हणणारे भेटतील, नाही म्हणा. ठिगळाच्या शेजारचा पत्रा तेवढाच सडलेला असतो.

जुनाफिटर | १३ ऑगस्ट, रात्री ९:४०

बाप्पू बरोबर बोलले. पंप आणि मोटर तुमची चांगली आहे, फक्त टाकी नवी घ्या, टेस्टची पट्टी मारलेली. तीच भोकं, तेच बूड मागा म्हणजे पंप सरळ बसेल. नवी आली की पहिल्या दिवसापासून संध्याकाळी काम संपलं की कॉक उघडा आणि उघडाच ठेवून घरी जा. सकाळी रिकामी टाकी भरायला सहा मिनिटं लागतात, आता तुम्हाला माहीत आहे.

बंडीवाला | १९ ऑगस्ट, रात्री ९:००

नवी टाकी काल बसवली. वायर चार एमएमची, फिल्टरची बाटली पाइपाच्या गनकडच्या टोकाला, सहा किलोवर बंद. कॉकला फूटभर पाइप जोडून बाहेर काढला, आता वाकावं लागत नाही. काल संध्याकाळी अर्धा कप पाणी निघालं, मास्तरीणबाईंच्या हिशेबाच्या आसपास. सकाळी सात ते अकरा रंग मारतो, तेव्हा लाईट चांगली असते. बावीस नंदी झाले, एकावरही डाग नाही. मधल्या दिवसांत थांबायला वेळ नव्हता म्हणून अठरा ब्रशनेच केले.

धाकटी पोरगी शेडच्या दारात बसलेली असते. फुस्स झालं की आतून ओरडते, "बाबा, भरली!"

वऱ्हाडी_ठेचा | १९ ऑगस्ट, रात्री ९:१२

मस्त! आन् जुन्या टाकीचं काय केलं? भंगारात?

जुनाफिटर | १९ ऑगस्ट, रात्री ९:२०

तशीच भंगारात देऊ नका, कोणीतरी उचलून पुन्हा हवा भरेल. आडवी कापा. आधी साबणाने आतलं तेल धुवा, मग ग्राइंडरने. खालची सडलेली बाजू फेका, वरची चांगली आहे.

बंडीवाला | १९ ऑगस्ट, रात्री ९:३१

कापली काका. बाबांनी परवाच सांगितलं होतं. वरचा अर्धा पालथा घालून गोठ्यात दोन विटांवर ठेवलाय, पोळ्याला बैल त्यातच पाणी पितील.